गुडघ्याखाली चार बोटं

सुलक्षणाबाई रागावल्या की भांडी आपटत नाहीत, रडत नाहीत, माहेरी फोनही लावत नाहीत. त्या शांत होतात. दुबईजवळच्या रास अल खैमातली त्यांना ओळखणारी माणसं ऑगस्टच्या उन्हाला घाबरत नाहीत एवढी या शांतपणाला घाबरतात. एकदा इथल्या मराठी मंडळाच्या सहलीत एका बाईने त्यांच्या पुरणपोळीला 'जरा जाडच झाली' म्हटलं होतं. सुलक्षणाबाई काही बोलल्या नाहीत. त्यानंतरच्या प्रत्येक कार्यक्रमात त्या बाईच्या पानात त्यांनी आपल्या हाताने पोळी वाढली, कागदासारखी पातळ आणि आत पुरणाचा कणही नसलेली. शेवटी ती बाई घरी येऊन माफी मागून गेली.

बाई इचलकरंजीच्या. घरात यंत्रमाग, त्यामुळे कापड म्हणजे त्यांचा पहिला नवरा, दुसरे राजाभाऊ, असं त्या स्वतःच म्हणतात. लग्न करून इकडे आल्या आणि मुलगी ईशानी शाळेत जायला लागल्यावर मोहिद्दीनच्या दुकानात कामाला लागल्या. मोहिद्दीन केरळातल्या कासरगोडचा. त्याचं दुकान युनिफॉर्मचं: कव्हरऑल, हेल्मेट, सेफ्टी शूज, ड्रायव्हरचे शर्ट, हॉस्पिटलातले कोट. बेतण्यापासून कारखान्यांकडून ऑर्डर आणण्यापर्यंत सगळं बाईच बघतात. मोहिद्दीन गल्ल्यावर बसतो आणि हो म्हणतो.

राजाभाऊ म्हणजे वेगळाच प्राणी. टाइल्सच्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. गोड, भिडस्त आणि थोडे भित्रे. घरात आवाज चढवायचे नाहीत, पण मंडळाच्या गणपतीत पुढे उभं राहून आरती त्यांनीच म्हणायची, असा इथला जुना शिरस्ता होता. भाड्याच्या हॉलमध्ये, थर्माकोलच्या मखरासमोर हातात ताट घेऊन ते पहिला सूर लावायचे तेव्हा एसीची घरघरही ऐकू येईनाशी व्हायची. वर्षभर कुणाच्या खिजगणतीत नसलेला हा माणूस त्या दहा मिनिटांपुरता सगळ्यांच्या पुढे असायचा. सुलक्षणाबाई तेव्हा बायकांच्या रांगेत उभ्या राहून टाळ्या वाजवायच्या आणि नवऱ्याच्या पाठीकडे बघत राहायच्या. त्यांना त्या पाठीचा फार अभिमान होता.

तीन उन्हाळ्यांपूर्वी तो अभिमान एका माणसाने मातीत घातला. त्या दिवसांत स्टोअरचा एसी बंद पडलेला, वरचा पत्रा तव्यासारखा तापलेला. कंपनीची पँट जाड. घामाने राजाभाऊंच्या मांड्या घासून घासून सोलवटल्या होत्या आणि जांघेत घामोळ्यांचे फोड आले होते. पाऊल टाकवेना. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी रॅकच्या आड जाऊन घरून आणलेली चौकड्यांची लुंगी गुंडाळली. वर कंपनीचा शर्ट, खाली सेफ्टी शूज. जरा बरं वाटलं म्हणून तसेच बसून खोकी मोजू लागले. तेवढ्यात तिथे तन्मय आला.

तन्मय त्या कारखान्याचा एचआर मॅनेजर. पुण्याचा, वयाने राजाभाऊंपेक्षा कितीतरी लहान, त्याच मंडळाचा सभासद आणि मंडळात त्यांना 'काका' म्हणणारा. त्याने काकांना काही विचारलं नाही. मोबाइल काढला, फोटो काढला आणि निघून गेला. महिन्याच्या मीटिंगमध्ये ड्रेस कोडचा विषय निघाला तेव्हा तो फोटो पडद्यावर आला, चेहऱ्यासकट. 'असे कपडे घालू नयेत' असं वर इंग्रजीत लिहिलेलं. सगळा हॉल हसला. तेवढ्यावर तन्मय थांबला असता तर सुलक्षणाबाईंनी कदाचित गिळलंही असतं. पण संध्याकाळी त्याने तोच फोटो मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'राजाभाऊंचं समर कलेक्शन'. त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. ज्यांच्या घरी बाईंनी लाडू पोचवले होते, ज्यांच्या पोरांना राजाभाऊंनी शाळेतून आणलं होतं, त्या सगळ्यांची तोंडं तिथे दात काढत होती.

राजाभाऊ घरी आले, जेवले, लुंगी स्वतःच्या हाताने धुतली, वाळल्यावर घडी घालून बॅगेच्या तळाशी ठेवून दिली. पुढच्या महिन्यात राजीनामा दिला. आता ते बायकोच्या व्हिसावर आहेत आणि एका ग्रोसरीवाल्याचं मालाचं काम घरी बसून कॉम्प्युटरवर करतात. मंडळात त्यांनी पुन्हा पाऊल टाकलं नाही. गणपतीत ते बायकोला आणि मुलीला हॉलवर सोडतात आणि पार्किंगमध्ये गाडीत बसून राहतात. आतून आरतीचा आवाज आला की काच वर करतात. पहिल्या वर्षी सुलक्षणाबाईंनी हॉलच्या खिडकीतून ती वर जाणारी काच बघितली आणि त्या शांत झाल्या.

इथे दुसऱ्याचा फोटो न विचारता फिरवला तर पोलिसात जाता येतं, हे अरबस्तानात चार दिवस काढलेल्या माणसालाही माहीत असतं. बाईंनी फोटो आला त्याच संध्याकाळी पर्स उचलली होती.

"कुठं निघालीस?" राजाभाऊंनी विचारलं.

"पोलिस स्टेशनला."

"त्याची पोरं ईशानीच्या शाळेत आहेत, सुलू. त्याची नोकरी गेली, व्हिसा कॅन्सल झाला, तर ती पोरं मधल्या वर्षात कुठं जातील? माझी शपथ आहे तुला."

शपथ घातल्यावर काय करणार? बाईंनी पर्स परत खुंटीला लावली. पण शपथ पोलिसांपुरती होती, आणि बाकीच्या रस्त्यांबद्दल राजाभाऊ काही बोलले नव्हते. बाईंनी मनाशी ठरवलं की जे कापड नेसल्याबद्दल माझ्या नवऱ्याचं हसं झालं, तेच कापड हा तन्मय कमरेला गुंडाळेल, त्याच माणसांसमोर उभा राहील, आणि तेव्हा मी हसेन. कसं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. डूख धरायला रस्ता माहीत असावा लागत नाही.

रस्ता स्वतःच चालत दुकानात आला. एक स्कॉटिश इंजिनिअर दुबईतल्या लग्नाला निघाला होता आणि त्याचा किल्ट, म्हणजे तिकडचे पुरुष कमरेला गुंडाळतात ते वस्त्र, कमरेला होत नव्हता. म्हणून तो बकलं सरकवून घ्यायला आला. मोहिद्दीनने त्याला खुर्ची दिली, एसीसमोर बसवलं, सुलेमानी चहा मागवला आणि दर वाक्याला दोनदा 'सर' म्हणाला. बाईंनी तो किल्ट टेबलावर पसरला. लांबच लांब कापड, मागे चुण्या, पुढे एकावर एक दोन पदर, बाजूला चामडी पट्टे. कमरेखाली धड शिवणही नाही. नुसतं गुंडाळायचं आणि अडकवायचं.

बाई कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्यांनी मान वर करून त्या गोऱ्या माणसाकडे बघितलं, चहा घेऊन उभ्या असलेल्या मोहिद्दीनकडे बघितलं, आणि त्या दिवसांत पहिल्यांदाच हसल्या. मोहिद्दीनला वाटलं, बाईंना हा माणूस आवडला.

त्याच आठवड्यात बाईंनी कव्हरऑलचं खाकी सुती कापड घेऊन पहिला नमुना शिवला. मागे चुण्या, दोन्ही बाजूंना खोल खिसे, हातोडी अडकवायला पट्टी, वाऱ्याने उडू नये म्हणून आतल्या पदराला बटणं, खाली चमकती पट्टी. लांबीवर त्यांनी बराच विचार केला. स्कॉटलंडमध्ये गुडघे दिसले तर चालतात, इथे ऑफिसच्या दारावरचा गार्ड परत पाठवतो. म्हणून त्यांनी लांबी ठेवली गुडघ्याखाली चार बोटं. नाव ठेवलं 'वर्क किल्ट'. आणि मोहिद्दीनला, शिंप्यांना, घरात मुलीला, सगळ्यांना ताकीद दिली की या वस्तूच्या जवळपास 'लुंगी' हा शब्द उच्चारायचा नाही. जो उच्चारील त्याची गाठ माझ्याशी.

"मॅडम, लेकिन ये तो वही है," मोहिद्दीन हळूच म्हणाला. तो स्वतः दुकान बंद करून खोलीवर गेला की तेच नेसायचा. "कंपनीवाला हँसेगा."

"हँसने दो. पहले हँसेगा, फिर लेगा."

पहिला नमुना नेसून बघायला घरात राजाभाऊंशिवाय पुरुष कोण? ते नाही म्हणाले, मग बायकोच्या तोंडाकडे बघून हो म्हणाले. हॉलपासून स्वयंपाकघरापर्यंत गेले, खाली बसले, उठले, फळीवरचा डबा काढून दाखवला.

"वारा लागतो, आणि उडत नाही," ते म्हणाले. "छान झालंय. पण हे कशासाठी चाललंय?"

"धंदा आहे."

"तुझे डोळे धंद्याचे दिसत नाहीत, सुलू."

ईशानी सोफ्यावरून म्हणाली, "Baba, it actually suits you." राजाभाऊ लाजले आणि आत जाऊन पँट चढवून आले.

त्यानंतर बाई अक्षरशः हात धुऊन त्या किल्टच्या मागे लागल्या. दुकानाच्या काचेत पुतळ्याला हेल्मेट, शर्ट, सेफ्टी शूज आणि किल्ट घालून उभं केलं. स्कॉटिश इंजिनिअरला गाठून त्याला तोच वेष नेसवला, फोटो काढला आणि पत्रकावर छापला. विचारून, लेखी परवानगी घेऊन. त्या बाबतीत बाई आता फार काटेकोर झाल्या होत्या. कामगारांच्या कॅम्पबाहेर सुट्टीच्या दिवशी टेबल मांडून त्या उभ्या राहायच्या आणि खणखणीत आवाजात सांगायच्या, "हवा लगेगी, पसीना सूखेगा, खुजली खलास. साठ दिरहम." आणि समोर कुणी मराठी दिसला की लगेच, "म्हणजे आपले चौदाशे, साडेचौदाशे. पँटीपेक्षा महाग नाही."

लोक हसायचेच. एका वर्कशॉपवाल्याने तर 'घागरा कोण घेणार' म्हणून पत्रक त्यांच्यासमोरच कचऱ्यात टाकलं. बांगलादेशी पोरं गर्दी करून बघायची आणि एखादा म्हणायचाच, "दीदी, ये तो लुंगी है."

"लुंगी में जेब होती है?"

"नहीं."

"हातोडी लटकती है?"

"नहीं, दीदी."

"तो फिर?"

पोरगा डोकं खाजवत निघून जायचा. बाईंनी ही हसणारी तोंडं मोजली नाहीत. ज्यांची मोजायची होती ती आधीच मोजून ठेवलेली होती.

पहिलं गिऱ्हाईक मिळालं ते नेमकं त्याच टाइल्सच्या कारखान्यातलं. अबरार, पॅकिंगचा फोरमन, पेशावरकडचा. राजाभाऊंना मानायचा, बाईंना 'बाजी', म्हणजे ताई, म्हणायचा. त्याने कपाळाला आठ्या घातल्या. "बाजी, हमारे यहाँ मर्द ये नहीं पहनते."

"गोरे मर्द पहनते हैं," बाईंनी पत्रक पुढे केलं. "लड़ाई में पहन के जाते थे. तुमको पॅकिंग में डर लगता है?"

अबरारने घेतला. आठवड्याने तो आणखी दोन न्यायला आला. पहिल्या दिवशी पॅकिंगवाले हसले, तर त्याने त्यांना आपापल्या मांड्या दाखवायला सांगितल्या. कुणी दाखवल्या नाहीत, पण संध्याकाळपर्यंत चौघांनी त्याला दुकानाचा पत्ता विचारला होता. घामोळं कुणाला चुकलंय?

पुढे प्रकरण हिबाकडे गेलं. हिबा कारखान्याची सेफ्टी ऑफिसर, इथलीच. तिने बाईंना बोलावून घेतलं, किल्ट उलटासुलटा केला, बटणं ओढून पाहिली आणि लांबी बघून मान हलवली. "मशीन के बेल्ट के पास नहीं. पॅकिंग और स्टोअर में चलेगा. घुटना कव्हर रहना चाहिए."

"चार उंगली नीचे है, मॅडम. कम नहीं होगा."

हिबाने ते कापड हातातून सोडलं नाही. "मेरे दादा समंदर पे यही पहन के काम करते थे," ती म्हणाली. "हम लोग वज़ार बोलते हैं. पूरी ज़िंदगी वही पहना." मग हसून म्हणाली, "सुलक्षणा, जेब अच्छी है."

बाई विचार करतच बाहेर आल्या. हिचे आजोबा, मोहिद्दीन, बांगलादेशी पोरं, गोरा इंजिनिअर, प्रत्येकाच्या घरात हे कापड मानाने नांदत होतं. त्याची लाज फक्त आपल्याच माणसांना वाटली होती. या विचाराने त्यांना आणखी चीड आली.

हिबाच्या परवानगीने उन्हाळाभर प्रयोग चालला. घामोळ्यांमुळे सुट्टी घेणारे कमी झाले, वरच्या साहेबांनी चौकशी केली, आणि आता यात काहीतरी मिळण्यासारखं आहे म्हटल्यावर तन्मय जागा झाला. त्याने बाईंना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर पत्रक होतं, त्यावर तो गोरा हेल्मेट घालून हसत होता.

"काकू, I must say, एकदम out of the box आहे," तन्मय म्हणाला. "Management ला मी already pitch केलंय. Launch आपण मोठा करू. मीच फर्स्ट घालणार. Leadership ने lead करायला पाहिजे ना."

"तेच म्हणते मी," बाई म्हणाल्या. "उभा राहा. माप घेते."

त्यांनी त्याच्या कमरेला टेप लावला. तन्मय पोट आत ओढून बोलत राहिला. "आपल्या Indian mentality ला हे झेपत नाही काकू. आपले लोक लगेच लुंगी वगैरे म्हणतील. टोटल downmarket विचार."

"कोण म्हणेल असं?"

"असतात ना तसे लोक. बाय द वे, काका कसे आहेत? दिसत नाहीत मंडळात."

"असतात," बाई म्हणाल्या. "बाहेर गाडीत असतात." त्यांनी टेप थोडा आवळला. "ढिला ठेवू की घट्ट?"

"घट्टच ठेवा. स्मार्ट दिसलं पाहिजे."

बाईंच्या हातात त्या वेळी कात्री नव्हती, टेप होता, हे तन्मयचं नशीब. त्यांनी माप लिहून घेतलं, चहा घेतला आणि त्या निघाल्या.

लाँचच्या दिवशी कारखान्याच्या त्याच हॉलमध्ये, त्याच पडद्यासमोर तन्मय किल्ट नेसून उभा राहिला. बाई मागच्या बाजूला हसायच्या तयारीने उभ्या होत्या. ज्या क्षणाची वाट बघत त्यांनी दोन वर्षं चुण्या घातल्या होत्या, तो आला होता. फक्त कुणी हसलं नाही. टाळ्या झाल्या. वरच्या साहेबांनी तन्मयच्या खांद्यावर हात ठेवला. फोटो निघाले आणि संध्याकाळपर्यंत ते इंटरनेटवर गेले. खाली लोक लिहीत होते, 'इन्स्पायरिंग', 'व्हिजनरी'. मंडळाच्या ग्रुपवरही फोटो आला. त्याखाली हात जोडलेले, फुलं, अंगठे. एकही दात काढलेलं तोंड नव्हतं.

सुलक्षणाबाई घरी आल्या आणि त्यांनी चहात साखरेऐवजी मीठ घातलं. जे कापड नेसल्याबद्दल राजाभाऊंची मान खाली गेली त्याच कापडाने तन्मयला हार घातला, आणि तो हार त्यांनी स्वतः शिवून दिला होता. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, म्हणतात ते हेच. त्या ओट्यापाशी उभ्या राहून खारट चहा पीत राहिल्या.

"मिळालं का, जे हवं होतं ते?" राजाभाऊंनी दारातून विचारलं.

"नाही."

"मग सोड आता."

त्यांनी कप धुऊन पालथा घातला. राजाभाऊंनी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि ते घाबरले.

पुढचा गणपती आला. मंडळाने ठरवलं की या वर्षी आपल्या सभासदाचा, तन्मयचा, शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा आणि शेवटच्या संध्याकाळची आरती त्याच्या हातून व्हायची. किल्ट शिवणाऱ्या म्हणून सुलक्षणाबाईंनीही दोन शब्द बोलावेत, असा सेक्रेटरींचा फोन आला. 'आनंदाने', असं बाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी राजाभाऊंनी नेहमीप्रमाणे दोघींना हॉलच्या दाराशी सोडलं आणि गाडी पार्किंगमध्ये लावली. बाहेर दमट उकाडा होता. हॉल भरलेला, उदबत्तीचा वास, मखर या वर्षी थर्माकोलचं नव्हतं म्हणून त्याचंही कौतुक चाललेलं. तन्मय किल्ट, वर सिल्कचा कुर्ता असा आला होता आणि बायका 'किती हटके' म्हणत होत्या. शाल झाली, नारळ झाला, तन्मयचं भाषण झालं. मग बाईंना माइक मिळाला.

"नमस्कार," त्या म्हणाल्या. आवाज अगदी शांत. "तुम्ही तन्मयचं कौतुक केलंत, बरं वाटलं. पण हे डिझाइन त्याचं नाही, आणि माझंही नाही. ज्याचं आहे त्याचा फोटो तुमच्या सगळ्यांकडे आहे. फोन काढा. आपला ग्रुप उघडा. वर शोधायची जागा असते, तिथे लिहा, समर कलेक्शन."

लोकांना वाटलं, काहीतरी सरप्राइज आहे. हसत हसत सगळ्यांनी फोन काढले. खुर्च्यांवर फोनचे उजेड पेटत गेले आणि मग एकेक हसू विझत गेलं.

"दिसला? ती लुंगी आहे," बाई म्हणाल्या. हा शब्द त्यांनी कितीतरी दिवसांनी तोंडातून काढला आणि त्यांना तो गुळासारखा गोड लागला. "लुंगी. तन्मयने आज कमरेला जे बांधलंय, तेही लुंगीच. मी खिसे लावले, एवढाच फरक. आता त्या फोटोच्या खाली बघा. हसणारी तोंडं आहेत. त्यांवर बोट ठेवलंत तर नावं येतात. आपापलं नाव शोधा. मला सगळी पाठ आहेत, सेक्रेटरींपासून सुरू करू का?"

कुणी मान वर करेना. सेक्रेटरी फोन पालथा घालून बसले. तन्मयच्या खांद्यावरची शाल एका बाजूने घसरली होती.

"काकू, गंमत होती यार," तो म्हणाला. "We are family."

"मी पण गंमतच करतेय," बाई म्हणाल्या. त्यांना आता हसायचं होतं. हीच ती वेळ होती. त्यांनी समोर बघितलं, आणि शेवटच्या रांगेत राजाभाऊ उभे राहिलेले त्यांना दिसले.

गाडीचा एसी बंद पडला होता. उकाड्यात बसलेल्या बापाला, पाणी द्यायला बाहेर गेलेल्या ईशानीने हाताला धरून आत आणलं होतं. "Baba, just sit at the back, nobody will see you." आणि तेव्हापासून ते तिथे बसून होते. आजूबाजूच्या प्रत्येक फोनमध्ये त्यांचा तो फोटो उघडा होता. उजवीकडे, डावीकडे, पुढच्या रांगेत, जिकडे बघावं तिकडे रॅकच्या आड बसलेले तेच.

बाईंच्या हातातला माइक खाली आला.

राजाभाऊ खुर्च्यांमधल्या वाटेने चालत पुढे आले. साधी पँट, घामाने भिजलेला शर्ट. ते तन्मयसमोर थांबले. त्याच्या हातात आरतीचं ताट होतं. राजाभाऊंनी ते घेतलं. तन्मयने लगेच दिलं.

"फोटो बघून झाला ना सगळ्यांचा?" राजाभाऊ म्हणाले. त्यांना माइक लागत नाही. "माझ्या पाठीमागे हसलात. आज मी समोर उभा आहे. हसा."

कुणी हसलं नाही. एक लहान मूल खुदकलं, त्याच्या आईने त्याचं तोंड दाबलं.

"नाही हसायचं? मग ज्यांनी ज्यांनी तेव्हा हसायचं चित्र टाकलं होतं, त्यांनी आरतीला मागे जाऊन उभं राहायचं. भिंतीपाशी."

तीन वर्षं गाडीत बसून या माणसाने हे वाक्य घडवलं असणार. बाईंना वाटत होतं हा विसरला, याने सोडून दिलं. सुलक्षणाबाई नवऱ्याकडे बघतच राहिल्या. डूख धरणारी आपण एकटीच नव्हतो, हे त्यांना आज कळलं.

खुर्च्या सरकल्या. आधी सेक्रेटरी उठले, मग त्यांच्या मिसेस. मग रांगाच्या रांगा. सगळे खाली बघत, एकमेकांना चुकवत भिंतीपाशी गेले. तन्मयही निघाला. पुढे फक्त लहान मुलं, ईशानी आणि तेव्हा मंडळात नसलेली एक-दोन नवी कुटुंबं उरली. बाईंनी माइक ठेवला, पदर खोचला आणि पुढच्या रांगेतल्या आपल्या नेहमीच्या जागेकडे निघाल्या. ती जागा त्यांनी कमावली होती.

"सुलू," राजाभाऊ म्हणाले. "तू पण."

"मी?" त्या थांबल्या. "मी हसले नव्हते."

"आज परत सगळ्यांना दाखवलास ना फोटो? तोही मला न विचारता." त्यांचा आवाज चढला नव्हता, पण त्यात माघार नव्हती. "मागे जा."

बाई उभ्या होत्या तिथेच राहिल्या. एवढ्या वर्षांत या माणसाने त्यांना कधी जा म्हटलं नव्हतं. त्या वळल्या आणि मागे गेल्या. भिंतीपाशी एकच जागा रिकामी होती, तन्मयच्या शेजारी.

राजाभाऊंनी निरांजन पेटवलं, डोळे मिटले आणि सूर लावला. आवाज सुरुवातीला थोडा फाटला. दुसऱ्या ओळीला तो पूर्वीसारखा झाला आणि हॉलभर पसरला. मागच्या भिंतीपाशी कुणाची टाळ्या वाजवायची हिंमत होईना. सुलक्षणाबाईंनी वाजवल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. त्यांना हवी होती ती पाठ पुढे दिसत होती, जरा लांबून.

मग त्यांनी शेजारी बघितलं. तन्मय हात जोडून उभा होता, मान खाली, आणि किल्टच्या खाली त्याच्या काटकुळ्या पिंढऱ्या थरथरत होत्या. बाईंनी त्या नीट, सावकाश बघून घेतल्या. मग त्या पुढे वळल्या आणि आरती म्हणू लागल्या.